रविवारची दहा मिनिटे

नीलपर्ण सोसायटीच्या पार्किंगमधली दिवाकर गायधनी यांची पेट्रोल गाडी चार वर्षांत एकदाही बंद पडली नव्हती. ती या काळात फाटकाबाहेरही गेली नव्हती, पण याची नोंद सोसायटीच्या कोणत्याही इतिवृत्तात नाही.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता गायधनी खाली उतरत, गाडीवरचे कव्हर काढून त्याची घडी घालत आणि किल्ली फिरवत. इंजिन बरोबर दहा मिनिटे चाले. तेवढ्यात दिवे, वायपर, एसी आणि हॉर्न एकेकदा तपासून होत. मग एका वहीत तारीख, वेळ आणि 'पहिल्या प्रयत्नात सुरू' असा शेरा लिहिला जाई. गायधनी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोंद केल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे, आणि नोंद केल्यावर त्या गोष्टीकडे पुन्हा पाहण्याची त्यांना गरज वाटत नसे.

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या हर्षाली डोखळेकडे विजेवर चालणारी स्कूटर होती. ती फिजिओथेरपिस्ट. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत रोज सात रुग्णांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घेई. संध्याकाळी परतल्यावर बाल्कनीतून खाली वायर सोडायची आणि स्कूटर चार्ज करायची, हा तिचा वर्षभराचा क्रम. एप्रिलमध्ये सोसायटीचे सचिव या नात्याने गायधनींनी काचेच्या फलकात सूचना लावली: एक जूनपासून कोणत्याही सदस्याने कोणत्याही कारणास्तव बाल्कनीतून वायर सोडू नये. वायर नाही तर स्कूटर नाही, आणि स्कूटर नाही तर सात घरे नाहीत. त्या सातांपैकी एक घर पहिल्या मजल्यावरचे होते. तिथे फेब्रुवारीत गुडघा बदललेल्या उत्तराबाई, म्हणजे सचिवांच्या पत्नी, राहत. त्या घरापुरता प्रश्न जिन्याने सुटत होता. उरलेल्या सहांचा सुटत नव्हता.

हर्षालीने अर्ज दिला. अर्ज एका ओळीचा होता: पार्किंगमध्ये एक प्लग हवा, वेगळ्या मीटरसह. सभा दोन तास चालली आणि प्लगचा विषय त्यातल्या शेवटच्या चार मिनिटांत निघाला.

"प्रश्न प्लगचा नाहीच," गायधनी म्हणाले. "ज्या वाहनाचा भरवसा नाही, त्याच्यासाठी सोसायटीनं भिंत का फोडायची? ही वाहनं म्हणजे मोबाइल. दोन वर्षांत फेकायची."

"काका, मी वर्षभरात अकरा हजार किलोमीटर फिरले," हर्षाली म्हणाली. "तुमची गाडी किती फिरली?"

"गाडी किती फिरते हा मुद्दा नाही. ती फिरू शकते, हा मुद्दा आहे."

"हो का? मग माझ्या पायातही ऑलिंपिक आहे," मागच्या खुर्चीवरून उत्तराबाई म्हणाल्या. हे इतिवृत्तात आले नाही. इतिवृत्त गायधनीच लिहीत.

अध्यक्ष शेखर कोठावदे यांनी बावीस वर्षे विमा कार्यालयात काढली होती आणि या काळात एकही निर्णय स्वतःच्या सहीने घेतला नव्हता. त्यांनी चाचणी सुचवली. सोसायटी दर मे महिन्यात वर्षाचा कांदा एकत्र आणते. तो हर्षालीच्या वडिलांकडून, लासलगावजवळच्या त्यांच्या खळ्यावरून येतो. यंदा दोन्ही वाहनांनी तिथे जावे आणि कांदा घेऊन यावे. जे वाहन भरवशाचे ठरेल, त्याच्या बाजूने ठराव.

गायधनींनी नियम टाइप केले. ते सतरा होते. सहाव्या नियमानुसार पेट्रोलच्या गाडीत पंच म्हणून अध्यक्ष बसणार होते. स्कूटरला पंचाची गरज नव्हती, कारण तिच्यावर संशय आधीच नोंदलेला होता. नवव्या नियमानुसार चाचणी संपेपर्यंत पंचाने वाहन सोडायचे नव्हते. हा नियम गायधनींनी दोनदा अधोरेखित केला.

रविवारी सकाळी आठ वाजता दोन्ही वाहने निघाली. गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली. गायधनींनी सगळ्यांकडे पाहिले. उत्तराबाई मागच्या सीटवर होत्या. कांदा निवडायचे काम त्या पुरुषांवर सोडत नसत.

हर्षाली पावणेदहाला खळ्यावर पोहोचली. निघताना स्कूटरच्या पडद्यावर एकशे अठरा किलोमीटर दिसत होते. साठ किलोमीटर कापल्यावर तिथे एकतीस उरले होते. उन्हाचे, वाऱ्याचे आणि वेगाचे गणित स्कूटरने वाटेत स्वतःच बदलले होते आणि त्याबद्दल खेद व्यक्त केला नव्हता. बापाकडे दोन तास चार्ज करायचे आणि निघायचे, असा हर्षालीचा बेत होता.

"प्लग कुठं लावू, आप्पा?"

"लाव की कुठंबी," धोंडीराम म्हणाले. "लाइट नाय. कालच्या वाऱ्यानं तार तुटली. वायरमन आलाय, पोलवर चढलाय."

दहा मिनिटांनी गाडी आली. वायरमन पोलवर आणि स्कूटर सावलीत पाहून गायधनींच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच बढती दिसली.

"पाहिलंत, कोठावदे? विजेवरचं वाहन विजेची वाट बघतंय. लिहून घ्या."

कोठावदेंनी गाडीत बसूनच लिहून घेतले. नववा नियम होता. इंजिन बंद करताना गायधनींनी मोठ्या मनाने किल्ली अर्धी फिरवलेली ठेवली, म्हणजे पंचाला एसीचा पंखा आणि रेडिओ चालू ठेवता येईल. बाहेर एकेचाळीस अंश तापमान होते. उत्तराबाई कांदे निवडत होत्या. हातात घेऊन, मान दाबून, वास घेऊन. तीन गोण्यांना एक तास दहा मिनिटे लागली. तेवढा वेळ कोठावदेंनी पंखा तिसऱ्या आकड्यावर ठेवून आकाशवाणी ऐकली.

दोन गोण्या डिकीत आणि एक मागच्या सीटवर गेली. गायधनी रुबाबात बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा टक्. मग तेही नाही.

"थांबा," गायधनी म्हणाले. "तिला वेळ द्या."

तिला वेळ दिला. मग धोंडीराम आणि शेजारचे दोघे ढकलायला आले. तीन गोण्या आणि एक अध्यक्ष आत होते.

"साहेब, तुमी तरी उतरा खाली," धोंडीराम म्हणाले.

"मला उतरता येत नाही," कोठावदे काचेतून म्हणाले. "नववा नियम आहे."

"आन् आमी ढकलावं, हा कितवा?"

गाडी वीस पावले गेली आणि लिंबाच्या झाडाशी थांबली. शेवटी धोंडीरामांनी ट्रॅक्टर आणून शेजारी उभा केला आणि त्याच्या बॅटरीपासून गाडीच्या बॅटरीला दोन जाड वायरी जोडल्या.

"डिझेलचं इंजिन," गायधनी हर्षालीला ऐकू जाईल असे म्हणाले. "अडीअडचणीला शेवटी इंधनच उपयोगी पडतं."

"साहेब, डिझेल कुठं देतोय मी तुमाला?" धोंडीराम म्हणाले. "करंट देतोय. फिरवा किल्ली. आन् आता घरापत्तुर बंद करू नका."

हर्षाली हसली नाही. तिला हसणे परवडत नव्हते. स्कूटर अजून एकतीसवरच होती.

गाडी निघाली. निफाडला उत्तराबाईंना पाणी हवे होते, तर गायधनींनी त्यांना चालू गाडीतून उतरवले आणि चालू गाडीत चढवले. ओझरजवळ कोठावदेंनी एका गरजेपोटी नवव्या नियमाला सवलत मागितली. ती नामंजूर झाली. पाऊण वाजता गाडी सोसायटीत पोहोचली.

खळ्यावर लाइट दोन वाजून दहा मिनिटांनी आली. हर्षाली स्कूटरवर पायाशी अर्धी गोणी कांदा ठेवून संध्याकाळी सव्वासहाला परतली. तोवर अहवाल फलकात लागला होता. 'पेट्रोल वाहन: आगमन १२.४५. विद्युत वाहन: अद्याप नाही.' ट्रॅक्टरचा उल्लेख 'स्थानिक सहकार्य' असा होता.

"काका, तुम्ही ट्रॅक्टर लिहिलाच नाहीत," हर्षाली म्हणाली.

"आणि तू वीज येईपर्यंत झोपलीस, तेही मी लिहिलं नाही," गायधनी म्हणाले. "अहवाल संतुलित आहे."

"मी झोपले नव्हते. पोलाखाली उभी होते. एक जूनला दहा दिवस राहिलेत, काका. पहिला रुग्ण सकाळी सातला असतो. चार्जिंग स्टेशन महामार्गावर, तिथं दोन तासांची रांग. पाच घरं मला सोडावी लागतील. कोणती सोडू, तेवढं अहवालात लिहून द्या."

गायधनींनी फलकाची काच पुसली आणि किल्ली खिशात टाकली.

पुढच्या रविवारी नऊ वाजता त्यांनी कव्हर काढले, घडी घातली, किल्ली फिरवली. टक्. चार वर्षांत पहिल्यांदा वहीतला शेरा काय लिहावा, हे त्यांना सुचेना. सोमवारी मल्हारी मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडले, बॅटरीला मीटर लावला आणि विचारले, "गाडी वापरता किती?"

"दर रविवारी दहा मिनिटं. न चुकता." गायधनींनी वही पुढे केली.

मल्हारीने वही हातात घेतली नाही. "त्यानंच मेली. सुरू करायला जेवढा करंट जातो, तेवढा दहा मिनिटांत परत भरत नाही. वर तुम्ही एसी लावता, दिवे लावता. चार वर्षं तिला उपाशी ठेवलीत आणि दर रविवारी ढेकर तपासलीत."

"मग आता?"

"नवी बॅटरी टाकतो. पण एक तर रोज फिरवा तिला..."

"या ट्रॅफिकमध्ये?"

"...नाहीतर छोटा चार्जर आणा. रविवारी दोन तास लावून ठेवा. पेट्रोलच्या गाडीलाही चालतो. तुमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर ना? बाल्कनीतून वायर सोडा की खाली."

फलक तिथून चार पावलांवर होता. काचेआड, किल्ली सचिवांकडे. उत्तराबाई बाल्कनीत गुडघ्याचा व्यायाम करत होत्या. हर्षाली त्यांचा पाय धरून मोजत होती. अकरावर मोजणी थांबली.

"सोडू का हो वायर?" उत्तराबाईंनी वरून विचारले. "कोणत्याही कारणास्तव?"

त्याच संध्याकाळी, तीस मे रोजी, तातडीची सभा झाली. ती सोसायटीच्या इतिहासातली सर्वांत छोटी सभा. ठराव सचिवांनीच मांडला: 'पेट्रोल वाहनांच्या बॅटरीची निगा राखण्यासाठी पार्किंगमध्ये वेगळ्या मीटरसह एक प्लग बसवावा. अन्य वाहनांनी तो सचिवांच्या अनुमतीने वापरण्यास हरकत नाही.' कोठावदेंनी तो एकमताने मंजूर झाल्याचे जाहीर केले. अनुमोदक म्हणून हर्षालीने सही केली. ठरावातल्या एका शब्दालाही तिने हरकत घेतली नाही.

आता रोज संध्याकाळी ती स्कूटर लावते आणि पहिल्या मजल्याकडे पाहून विचारते, "काका, अनुमती?" गायधनी वर्तमानपत्र खाली न करता मान हलवतात. सातही घरे चालू आहेत.

रविवारी नऊ ते अकरा प्लग राखीव असतो. गायधनी कव्हर काढतात, घडी घालतात, बॉनेट उघडून चार्जर जोडतात आणि खुर्ची टाकून शेजारी बसतात. वहीतला जुना रकाना त्यांनी खोडला आहे. नव्या रकान्याला अजून शीर्षक दिलेले नाही.

परवाच्या रविवारी साडेदहाला उत्तराबाई काठी न घेता बाल्कनीत आल्या.

"काय हो," त्यांनी साऱ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "किती टक्के झाली?"

 गायधनींनी चष्मा लावला आणि वाकून चार्जरचा दिवा पाहिला.