भोसरीच्या माळावरचा नवरदेव

१९७१ सालचा डिसेंबर. लढाई जुंपलेली, आगगाड्या जवानांनी भरलेल्या. नागपूरच्या कचेरीतून ऐनवेळी रजा मिळालेला नवरदेव श्रीपाद लग्नाच्याच दिवशी सकाळी तिथून एका लहानशा विमानाने निघाला. इकडे चिंचवडात चित्राला हळद लागली आणि निरोप आला, की विमान पुण्याला पोचलंच नाही. त्याचा पत्ताच लागत नाही. तिचे वडील, काका, श्रीपादचे आईवडील, म्हणजे मुलगा ओळखणारे झाडून सगळे लोहगावच्या विमानतळाकडे धावले.

मांडवात कुजबुज सुरू झाली. विमान सापडलं नाही, तर जन्मभर आपल्यालाच पांढऱ्या पायाची म्हणतील, हे चित्राला कुणी सांगायला नको होतं. पण तिला काळजी लागली ती त्या माणसाची.

दुपारी भोसरीचा ज्योतीराम पहिलवान सायकल दामटत आला.

"इमान आमच्या माळावर उतरलंय, इंजान बंद पडलं म्हनत्यात. दुश्मनाचं म्हनून आमी समद्यांना तालमीत कोंडलंय. त्यातला एक म्हनतो, मी चिंचवडचा जावई हाय. वळखणारं कुनी धाडा."

"अरे, मग सोडा की त्याला!" कौशल्याआत्या म्हणाल्या.

"आन् हेर निघाला तर? नवरदेव कुटं इमानातनं येतो व्हय?"

चित्रा उठली. "मी येते."

"हळदीच्या अंगानं शीव ओलांडतेस?" आत्या कडाडल्या.

चित्राच्या आजोबांनी, म्हणजे नानासाहेबांनी, अडकित्ता खाली ठेवला. "कौशल्ये, गेल्या साली नगरपालिका झाली, तेव्हा भोसरी आपल्यातच आली. कर भरताना गाव एक, आणि नात निघाली की दोन होय?"

आत्या पदर खोचून दारापर्यंत येईतो मांडवाचं सामान आणणारा टेम्पो चित्राला घेऊन निघालासुद्धा.

तालमीत सहा पुरुष अनवाणी रांगेत बसवलेले. "सांगा ताई, ह्यातला तुमचा कोन?"

चित्राने रांगेवरून नजर फिरवली. बघण्याच्या दिवशी तिने मान वर केलीच नव्हती! सहाही चेहरे परके. ती हळूच म्हणाली, "पाय पुढे करायला सांगा."

तालीम हसून लोळली. चौथ्याच्या उजव्या अंगठ्यावर शेजारचं बोट चढून बसलेलं होतं.

"हे," चित्रा म्हणाली, आणि मग पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"मी तुम्हाला दारातच ओळखलं होतं," श्रीपाद म्हणाला, "पण कैद्याला कोण विचारतो?"

लोहगावला गेलेली मंडळी निरोप मिळताच परतली आणि गोरज मुहूर्त साधला. वैमानिकासह सगळे प्रवासी पंगतीला बसले, आणि जिलबी खाण्यात तालमीतले पहिलवान कुणालाच हार गेले नाहीत.

कौशल्याआत्या शेवटपर्यंत भोसरीला परगावच म्हणत राहिल्या. नानासाहेब आणखी आठ वर्षं जगले, तो वाद रोज जिंकत. विमान सुटं करून ट्रकमधून गेलं. ज्योतीराम एका कारखान्यात लागला, श्रीपाद भेटला की "काय दुश्मन, बरं हाय का?" म्हणे. श्रीपादने पिंपरीत नोकरी धरली, दोन मुली झाल्या. विमानात तो पुन्हा बसला थेट १९८१ साली. तेव्हा चित्रा बरोबर होती आणि खिडकीची जागा तिने घेतली.