हिरवा साका आणि आठ पाणी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. पण माझ्यात कधी पाव भाजला नाही की वीट. इजिप्तमधल्या टांटा शहराजवळ, नाईलच्या काठी, तेलाच्या कारखान्यात बयूमी नावाच्या मुख्य कारागिराने, म्हणजे आमच्या उस्ताने, मला विटा, एक लोखंडी नळी आणि भरपूर शिव्या घालून उभी केली. नळीचं तोंड तीनदा वाकडं बसलं, त्याचा राग त्याने बरीच वर्षं माझ्यावर काढला.

सरकीच्या तेलाचं तूप करायला निकेलची काळी पूड लागते. ती माझ्या पोटात तयार व्हायची. निकेलचा हिरवा साका आधी धुवायचा, वाळवायचा, मग माझ्यात तापवत त्यावरून हायड्रोजन सोडायचा. तयार पुडीला हवा लागली तर ती पेट घेई, म्हणून ती थेट तेलात बुडवत.

खरी कला मात्र धुण्यात होती. साक्यात गंधक राहतं. उस्ता आठ पाण्यांनी तो धुवायचा, मग शेवटचं धुवण काचेच्या नळीत घेऊन, त्यात औषधाचे दोन थेंब टाकून ती उजेडात धरायचा. दुधाळ छटा दिसली म्हणजे गंधक उरलं, पुन्हा धुवा. कैरोहून पदवी घेऊन आलेली इन्शिराह हे त्याच्याकडूनच शिकली. तो तिला म्हणायचा, "पोरी, पदवी टांग खुंटीला आणि बाह्या वर कर." ती हसत बाह्या वर करायची. मित्रांनो, ते दिवस मला फार आठवतात. आमचं तूप लोण्यासारखं मऊ असे आणि बाजारात लोक नाव घेऊन ते मागत.

अशी वीस वर्षं गेली. मग एका ईदच्या तोंडावर गावातल्या बायकांनी काहक बिस्किटांचे ट्रे बेकरीतून भाजून आणले आणि एकच बोंब झाली. बिस्किटं टाळूला चिकटत होती. उस्ताची बायको झनूबाच डबा घेऊन फाटकावर येऊन थडकली.

"हे तूप म्हणायचं का?" ती म्हणाली. "नातू चावून बघतो आणि विचारतो, आजी, यंदा साबण भाजलास का?"

लमईसाहेब कारखान्याचे प्रमुख. त्यांनी इन्शिराहला आणि उस्ताला माझ्यापाशी बोलावलं.

"तेलातली आम्लं वाकडी असतात, साहेब," ती म्हणाली, "म्हणून ती नीट रचली जात नाहीत आणि तेल पातळ राहतं. निकेल बिघडलं की ते त्यातल्या फार आम्लांना नुसतं सरळ करून सोडतं. मग ती एकमेकांना चिकटून बसतात आणि तूप घट्ट होतं. धुण्यात गंधक राहिलं असेल, नाहीतर आच चुकली असेल."

"धुणं माझं आहे," उस्ता घाईने म्हणाला. "भट्टी म्हातारी झाली. आच धरत नाही."

मला फार लागलं. गंधकाचा तो सडक्या अंड्यांसारखा वास कितीतरी दिवस माझ्या नळीत कोंडत होता. आच ठीक होती. साकाच नीट धुतलेला नव्हता.

मला भंगारात काढायचं ठरलं. भंगारवाला गाढवाची गाडी घेऊन येणार त्याच्या आदल्या दिवशी इन्शिराहने माझ्यात दोन घाणे लावले. एक साका तिने धुतला होता, एक उस्ताने. तेल तेच, आच तीच. तिचं तूप मऊ आलं, उस्ताचं कडक. तिने धुवणाची नळी त्याच्या हातात दिली.

"काय दिसतं, उस्ता?"

"स्वच्छ पाणी."

नळी दुधाळ होती.

"कधीपासून दिसत नाही?"

"गेल्या रमजानपासून धूसर दिसतं."

"मला सांगायचं तरी."

"आंधळ्या उस्ताला कामावर कोण ठेवतं, पोरी?"

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "काय ते तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने माझ्या विटांना पहार लावली, आणि उस्ता मध्ये येऊन उभा राहिला. "हिचा दोष नाही, साहेब. माझे डोळे गेले. मी ते लपवलं आणि हिच्यावर ढकललं. काढायचं तर मला काढा."

लमईसाहेबांनी इन्शिराहला विचारलं, "मग धुणार कोण?"

"त्यांच्यासारखं धुणं कुणाला येत नाही," ती म्हणाली. "धुतील उस्ता, नळी मी बघेन."

ते दोघं आणखी तीन वर्षं तसेच काम करत राहिले. तूप पुन्हा मऊ झालं. पुढे उस्ता निवृत्त झाला, मोठी यंत्रं आली आणि मी थंड पडले. आता माझ्या पोटात कबुतरं राहतात. उस्ताची आठवण आली की मला राग येत नाही. वाईट एवढंच वाटतं, की तो वर्षभर माझ्यासमोर बसून एकटाच घाबरत होता.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूला मोडीत काढण्याआधी तिच्यात काय घातलं होतं ते एकदा बघा. आणि तुमच्या घरातल्या कुणाला दिसेनासं झालं असेल, तर त्याला ते सांगायची भीती वाटणार नाही, इतकं त्याच्या जवळ बसा.