तिसऱ्या दिवसाचा कागद

शिबिराचा सहावा दिवस होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते, मुलं अजून आपापले बोर्ड मांडत होती. एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगात खाकी शर्ट, हाताला ग्रीस, मुठीत मोबाईल. त्याच्या मागं मेहक, मान खाली घालून.

"वर्षाराणी मॅडम कोण?"

"मीच. बोला की."

"मी चमन. हिचा बाप. उद्यमनगरात कारखान्यात लेथ मशीनवर असतो. काम टाकून आलोय." त्यानं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. "हे रोज तुम्हीच लिवताय न्हवं? गुण साडेआठ, नऊ, साडेनऊ. उत्कृष्ट प्रगती. आत्मविश्वास वाढला. आणि ही पोरगी घरात येऊन जेवत न्हाय. काल पेन्सिल मोडून फेकली तिनं. ह्यातलं खरं काय, तेवढं सांगा मला."

वर्षाराणीनं मोबाईल घेतला आणि वाचायला लागली. त्यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं.

ती गारगोटीच्या एका शाळेत अकरा वर्षं चित्रकला शिकवत होती. मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरला मावशीकडं आली होती. शिवाजी पेठेत सगळे त्या मावशीला आक्का म्हणायचे, तीही आक्काच म्हणायची. तिथून दोन गल्ल्या सोडून अमरसिंहचं शिबिर होतं. अमरसिंह कला महाविद्यालयात तिच्या दोन वर्षं पुढं होता. कोळसा बोटांत कसा धरायचा, मनगट सैल सोडून रेघ कशी ओढायची, हे तिला शिक्षकांच्या आधी त्यानं दाखवलं होतं. त्यामुळं त्यानं बोलावल्यावर तिनं फार विचार केला नाही.

शिबिर दहा दिवसांचं, मुलं सोळा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'मुलांची रोजची प्रगती रोज संध्याकाळी तुमच्या मोबाईलवर.' वर्षाराणीला ते आवडलं होतं. शाळेत एका वर्गात पन्नासच्या वर मुलं आणि आठवड्याला एक तास, कुणाच्या कागदाकडं नीट बघणं होत नसे. इथं तिनं प्रत्येकाला घरातली एक वस्तू आणायला सांगितली. दहाही दिवस तीच काढायची. मेहकनं दादीचा पितळी अडकित्ता आणला होता.

रोज एक वाजता मुलं गेली की वर्षाराणी सोळा तक्ते भरायची. रेषा, प्रमाण, छायाप्रकाश यांना मिळून दहापैकी गुण आणि खाली दोन ओळी. आधी आपल्या वहीत लिहायची, मग तक्त्यावर उतरवायची. शाळेतली सवय. तक्ते आणि चित्रं अमरसिंहच्या कपाटात जायची. पुढचं तिला ठाऊक नव्हतं. पालकांच्या ग्रुपवर ती नव्हती. "तू शिकव, बाकीचं माझ्यावर सोड," असं तो म्हणाला होता.

मोबाईलवर तक्त्याखाली चित्राचा फोटो होता. अडकित्त्याच्या दोन्ही दांड्या डौलदार, सांध्यावर गडद सावली, पितळेवर उजेडाचा ठिपका.

"हे कधीचं?" तिनं विचारलं.

"कालचं. तारीख हाय की वर."

"काल?" वर्षाराणीनं मेहककडं बघितलं. "काल तर तू..."

"काल मी कायच काढलं न्हाय," मेहक म्हणाली. ती अकरा वर्षांची होती. "नुसता अडकित्ता उघडझाप करत बसलो हुतो. तुम्ही बघितलासा की."

चमनभाईंना कळेना. "म्हणजे? मग हे कुणी काढलं?"

"मॅडमनी," मेहक म्हणाली. "मी गेल्यावर रोज मॅडम माझं पुसून नीट करत्यात. माझं बेकार असतंय म्हणून."

 पाच दिवस ही मुलगी वर्षाराणीसमोर बसत होती, सांगितलेलं सगळं ऐकत होती आणि मनात हे घेऊन घरी जात होती.

"मी तुझ्या कागदाला हात लावलेला न्हाय," ती म्हणाली. "कपाट उघडूया. थांबा तुम्ही, चमनभाई."

चावी अमरसिंहकडं होती. तो दहाला आला, गॉगल कपाळावर, हातात गाडीची किल्ली. वर्षाराणीनं त्याला मुलांसमोरच कपाट उघडायला लावलं. मेहकचं फोल्डर काढून तिनं कागद जमिनीवर ओळीनं मांडले.

पहिल्या चार कागदांवर मेहकच्या रेघा खोडून वर दुसऱ्या रेघा ओढलेल्या होत्या. पाचवा कागद सबंध दुसऱ्याच हातचा. तो हात कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही. सैल मनगट, वळणावर जरा दाबून पुढं सोडून दिलेली रेघ. तिची स्वतःची रेघही त्याच वळणाची होती.

"अमरदादा, हे तू केलंस?"

"आत ये, बोलू."

"आत न्हाय. हितंच बोल."

अमरसिंहनं मुलांकडं बघितलं, आवाज खाली घेतला. "वर्षे, समजून घे जरा. गेल्या वर्षी एका पोराच्या तक्त्यावर मी खरं लिहिलं, की आज हा मागं पडला. दुसऱ्या दिवशी पोरगं बंद. आई म्हणाली, तुमच्याकडं येऊन बिघडतंय. लोकांना आलेख चढताच बघायचा असतो. मी दोन रेघा ओढल्या म्हणून कुणाचं काय गेलं?"

"दोन रेघा? कालचं सगळं चित्र तुझं हाय! तिनं काल पेन्सिलच उचलली न्हवती!"

"मग काय कोरा कागद पाठवू?"

"कोराच पाठवायचा! मी लिहिलं होतं खाली. तासभर वस्तू हाताळली, हे चांगलं लक्षण. ते कुठं गेलं?"

"कोण वाचतंय ते?"

"मी वाचलं असतं," चमनभाई म्हणाले.  "साहेब, माझ्या लेथवर नवीन माणूस आला तर त्यानं घडवलेला पहिला जॉब भंगारात जातोय. दुसराबी जातोय. मी जर तो रातोरात नीट करून त्याच्या नावावर ठेवला, तर तो जन्मात शिकणार न्हाय. आणि त्याला वाटंल, आपण नालायक. माझ्या पोरीला तेच वाटलंय."

अमरसिंह खांदे उडवून म्हणाला, "चित्रकला म्हणजे लेथ नव्हे, पावणं."

चमनभाई एक पाऊल पुढं झाले. वर्षाराणी मधे उभी राहिली. तिला स्वतःलाच अमरसिंहचा हात पिरगाळावासा वाटत होता, तरी ती मधे उभी राहिली, कारण सोळा मुलं भिंतीला चिकटून बघत होती.

तिनं पिशवीतून आपली वही काढली. "मेहक, इकडं ये. मी तुझ्याबद्दल काय लिहिलं ते ऐक. पहिला दिवस, वस्तूकडं न बघता काढते, प्रमाण चुकलं, दहापैकी चार. दुसरा दिवस, बघायला लागली, चार वेळा खोडलं, साडेचार. तिसरा दिवस, सांधा सापडला, दोन्ही दांड्या खरंच एकमेकीत अडकल्यासारख्या दिसतात, खोडरबर मागितलं नाही, सहा."

मेहकनं मान वर केली. "तिसऱ्या दिवशी बरोबर आलंतं?"

"व्हय. सांधा अगदी बरोबर आला होता."

"आणि चौथ्या दिवशी?"

"चौथ्या दिवशी घाई केलीस. बिघडलं. चार."

मेहक जमिनीवर बसली आणि तिसरा कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. अमरसिंहच्या गडद रेघेखाली तिची रेघ शोधत राहिली. सांध्यावर त्यानं बोटानं सावली घासली होती, तिथं खाली काहीच उरलं नव्हतं. मग ती एकदम ओरडली, बापावर नाही, अमरसिंहवर नाही, वर्षाराणीवर.

"मग तवाच सांगायचं की मला! वहीत लिवून काय उपयोग? मला कसं कळणार सांधा बरोबर आलाय ते? तुम्ही कायच बोलला न्हाय! नुसतं मागं उभारून लिवत हुतासा!"

 वर्षाराणीनं वही मिटली. खरंच होतं ते. पाच दिवस तिनं बारकाईनं सगळं टिपलं होतं, अक्षर सुंदर काढलं होतं, आणि ज्या मुलांबद्दल लिहिलं त्यांच्यापैकी एकालाही त्यातला शब्द सांगितला नव्हता. अमरसिंहवरचा राग होता तिथंच होता, पण आता तो तिच्याकडंही वळला, आणि हा जास्त झोंबत होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आज सांगते. सगळ्यांना."

त्या दिवशी चित्रं झालीच नाहीत. ती एकेका मुलाशेजारी जाऊन बसली, फोल्डर उघडून आपल्या वहीतल्या त्याच्याबद्दलच्या ओळी त्याला वाचून दाखवल्या. कुणाची कुठली रेघ पुसली गेली होती, ते मुलांनीच बोट ठेवून दाखवलं. सोळापैकी अकरा फोल्डरमध्ये अमरसिंहचा हात फिरला होता. उरलेल्या पाचांत फक्त गुण बदलले होते.

एक वाजता पालक घ्यायला आले तेव्हा वर्षाराणी जिन्याच्या तोंडाशी वही उघडून उभी राहिली. येईल त्याला सांगत गेली, मोबाईलवर आलेलं माझं नव्हे, माझं हे आहे. काहीजण ऐकून घेऊन गप निघून गेले. मोना नावाच्या एका बाईंनी, राजवीरच्या आईनं, वही हिसकावूनच घेतली.

"पाच? काल नऊ होते! तुमच्या दोघांच्या भांडणात माझ्या पोराचे गुण का कापताय?"

"कापले न्हाईत, बाई. नऊ कधी नव्हतेच."

"मी स्टेटसला ठेवलंय ते! सगळ्या पाहुण्यांनी बघितलंय!" त्यांनी वही परत तिच्या अंगावर टाकली आणि राजवीरचा दंड धरून ओढत खाली नेलं. राजवीर जाता जाता मागं वळून ओरडत होता, "मम्मी, पाचच हायत माझं! पाचच हायत!"

सगळे गेल्यावर अमरसिंह दाराला टेकून उभा होता. चेहरा लाल. "झालं समाधान? दहा वर्षं घासून नाव केलंय मी. एका दुपारीत धुऊन टाकलंस. उद्यापासून येऊ नकोस."

"येणार नव्हतेच. पण एक सांग. तुझा हात इतका चांगला हाय. शेवटचं स्वतःचं चित्र कधी काढलंस?"

"निघ," तो म्हणाला. "निघ म्हणतोय न्हवं!"

तिनं वही पिशवीत टाकली आणि जिना उतरली. घरी आल्यावर आक्कानं विचारलं तेव्हा तिनं घडलं ते सगळं सांगितलं. आक्का तालमीतल्या पोरांना देते तशी शिवी अमरसिंहला देऊन मोकळी झाली. "आणि पोरांचं काय?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मेहक अडकित्ता घेऊन आक्काच्या दारात हजर झाली. चमनभाईंनी घर शोधून काढलं होतं. तिच्याबरोबर आणखी तिघं होती. दहाला राजवीर आला, एकटाच, आईला न सांगता. त्याला बसवून घेऊन वर्षाराणीनं आधी मोनाबाईंना फोन लावला. पलीकडून पाच मिनिटं आरडाओरडा झाला, मग त्या म्हणाल्या, "जेवायला पाठवा वेळेत."

शिबिराचे उरलेले चार दिवस आक्काच्या पुढच्या खोलीत गेले. तक्ते नव्हते. तास संपला की प्रत्येकानं स्वतःच आपल्या कागदामागं लिहायचं, आज काय जमलं, काय नाही. मग वर्षाराणी आपलं मत तोंडावर सांगायची, आणि त्यावरून भांडणं व्हायची. मेहक सगळ्यात जास्त भांडायची. तिसऱ्या दिवशीचा तो सांधा तिला परत सापडत नव्हता. नवव्या दिवशी तिनं तीन कागद फाडले. "एकदा आलंतं तर आता का येईना?" असं म्हणत ती बोर्डवर मूठ आपटायची, आणि पुन्हा नवा कागद लावायची.

दहाव्या दिवशी दुपारी अमरसिंह आला. त्याच्या शिबिरात नऊ मुलं उरली होती, त्यांचा समारोपाचा समारंभ उरकून तो आला होता. बगलेत प्रमाणपत्रांची पाकिटं.

"ह्यांची नावं छापून झाली होती," तो वर्षाराणीला म्हणाला. "घेऊ देत. पोरांशी माझं काय वाकडं न्हाय."

त्यानं मेहकच्या नावाचं पाकीट पुढं केलं. सोनेरी कडा, मधोमध 'उत्कृष्ट'. मेहकनं हात पुढं केला नाही.

"मला हे नको. माझा तिसऱ्या दिवसाचा कागद द्या."

"तो फोल्डरमध्ये हाय, तुझ्या पप्पांनी नेला की."

"तो न्हाय. तुम्ही पुसायच्या आधीचा. माझा."

अमरसिंह हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. त्यानं वर्षाराणीकडं बघितलं, जणू तिनं काहीतरी मधला मार्ग काढावा. तिनं काढला नाही. तो पाकिटं हातात घेऊन उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला. आतून आक्कानं, आलेल्या माणसाला विचारायचं म्हणून विचारलं, "चहा टाकू का गं?"

"नको, आक्का," वर्षाराणी म्हणाली. "ते निघालेत."

तो गल्लीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर ती दारात उभी होती. मग आत येऊन तिनं मेहकसमोर नवा कागद ठेवला, आणि मेहकनं तो तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.