तिसऱ्या मजल्यावरचं प्रेशर

अठरा वर्षं दवाखान्याची फरशी पुसलेल्या मावशींना आता त्याच दवाखान्यात नर्सची मदतनीस व्हायचं होतं. रक्तदाब मोजायला त्या कधीच शिकल्या होत्या. घोडं अडलं होतं ते यंत्राच्या नावापाशी. स्फिग्मोमॅनोमीटर! सूनबाईने पंधरा दिवस भाजी निवडता निवडता ते घोकून घेतलं, पण ‘स्फिग्मो’च्या पुढे मावशींची जीभ संपावर जायची. बरं, ज्या शहाण्याने हे नाव ठेवलं, त्याने ते एकदा मोठ्याने म्हणून तरी बघितलं असेल का?

परीक्षा तिसऱ्या मजल्यावर होती. पहारेकरीकाका एकेका उमेदवाराला खालून वर घेऊन यायचे आणि लगेच रुग्ण म्हणून स्वतःच खुर्चीत बसायचे. मावशींचा नंबर आठवा, म्हणजे शेवटचा.

“याला काय म्हणतात?” डॉक्टरांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

“स्फिग... स्फिग्मोमो...” मावशींची बोबडी वळली. “साहेब, आम्ही आपलं प्रेशरचं यंत्र म्हणतो.”

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. “असू द्या. मोजा.”

मावशींनी काकांच्या दंडाला पट्टा बांधला आणि हाताची घडी घालून स्वस्थ बसल्या.

“अहो, मोजा ना!”

“पाच मिनिटं थांबते, साहेब. काका आत्ताच जिना चढून आलेत. छातीचा भाता बघा कसा चाललाय.”

“सातही जणांना एकशे साठच्या वर मिळालंय. मी काकांना गोळी लिहूनसुद्धा ठेवली.”

मावशींनी मनाशी हिशेब केला. वाद घातला तर हातातोंडाशी आलेली नोकरी जाणार, आणि गप्प बसलं तर काकांच्या मागे उगाच जन्मभराचं औषध लागणार. त्या जागच्या हलल्या नाहीत.

पाच मिनिटांनी त्यांनी नळी कानाला लावली, पट्टा फुगवला. एकशे अठ्ठावीस. डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः मोजलं, तर एकशे सव्वीस!

“काका, सकाळपासून किती वेळा चढलात?”

“आठ वेळा. आल्या आल्या बसतोय आणि हात पुढे करतोय. कोणी विचारलंच नाही.”

डॉक्टर मोकळेपणाने हसले आणि त्यांनी गोळीची चिठ्ठी टर्रकन फाडली. “नावाचे दोन गुण गेले, मावशी. बाकीचे सगळे दिले. सोमवारी आठला कामावर या.”

मावशींना इतका आनंद झाला, की आभार मानायचंही राहून गेलं. जिन्यातूनच त्यांनी सुनेला फोन लावला.

“आई, आलं का नाव म्हणता?”

“नाव काही आलं नाही गं. पण नोकरी लागली!”