पडाव एकशे अकरा

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही सत्तरावर पोचलो, तेव्हा माझ्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, त्यांची सभा भरली होती. एकशे तीस किलोमीटरची डोंगरवाट, शेवटी समुद्र. मध्ये दुकान नाही, टपरी नाही, फक्त पडाव. पडाव म्हणजे एक दगडी खोली, चूल, चार बाकं आणि दारावर रंगवलेला किलोमीटरचा आकडा. शिधा पाठीवर न्यायचा, नाहीतर आधीच पार्सलनं पडावावर पाठवून ठेवायचा. आमचं दुसरं पार्सल इथं सत्तरावर असणार होतं. समुद्रापर्यंतचं सगळं त्यात होतं, तांदूळ, मसूर, सुकवलेला कांदा, खजूर आणि वन्संनी स्वतः भाजलेले खारे दाणे. त्या दाण्यांसाठी मी शेवटचा चढ जवळजवळ पळत चढले.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. हल्ली असं कुणी म्हणत नाही. मी नवी नवरी असताना चिडवायला म्हणून सुरू केलं आणि तेच चिकटलं. बत्तीस वर्षं इस्पितळात नर्स. ही वाट चालायची म्हणून वीस वर्षं डोळे लावून बसलेल्या. पण कधी ड्यूटी आडवी आली, कधी सासूबाईंचं दुखणं, दोनदा माझी बाळंतपणं. दोन्ही वेळा रजा टाकून त्याच माझ्या उशाशी होत्या. आणि आता पुढच्या महिन्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगून टाकलंय, नंतर बागेत फिरा, डोंगर विसरा. म्हणजे वाट होणार ती या खेपेला, नाहीतर कधीच नाही.

आणि काय मजेत चाललो होतो! पहाटे स्टोव्हची फुरफुर, एका मगात दोघींचा चहा, पिशवीवर वाळत घातलेले आणि कधीच न वाळणारे मोजे. मी चालता चालता ओव्या रचायची:

पाठीवरल्या ओझ्या रे, किती तुला वाहू,
मोजे वाळेपर्यंत जरा इथंच बसून राहू.

"बसून राहू म्हणे! ऊठ," वन्सं मागून काठी टोचायच्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींचे पाच झालो. एक घड्याळं दुरुस्त करणारा, एवढा उंच की त्याचा उंटच झाला. आणि एक नवं जोडपं, घुमायचंही सारखं आणि टोचायचंही सारखं, म्हणून कबुतरं.

तर सत्तरावर पडाव सांभाळणाऱ्या मावशींनी फळी वरपासून खालपर्यंत बघितली. मग बाकांखाली वाकून बघितलं.

"नाही बाई. तुमचं काहीच आलेलं नाही."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "वहिनी, पत्ता तूच घातलास ना?"

"हो. तुमच्या चिठ्ठीवर होता तोच. पडाव एकशे अकरा."

"माझ्या चिठ्ठीवर?"

"एक, आडवी रेघ, एक, आडवी रेघ, एक. मी तसाच उतरवला."

वन्संनी कपाळावर हात मारला. "अगं, तो पत्ता नव्हता! शिध्याचा डोस होता! सकाळी एक पुडी, दुपारी एक, संध्याकाळी एक!"

मी एकोणीस वर्षं टपालाच्या वर्गीकरणात उभी आहे. समोर भिंतभर कप्पे, हातात गठ्ठा. आकडा दिसला की हात आपोआप कप्प्याकडे जातो, डोकं मध्ये येत नाही. त्या दिवशीही स्वयंपाकघरात फरशीवर पार्सल बांधून ठेवलेलं दिसलं, तीन आकडे दिसले आणि मी मोकळी झाले.

उंट आधी फिसकन हसला. "म्हणजे नर्सबाईंनी औषध लिहून दिलं आणि पोस्टबाईंनी ते बिनचूक पोचवलं. चूक कुणाचीच नाही!"

सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता रडायला लागले. पुढचा पडाव थेट एकशे अकरा. एक्केचाळीस किलोमीटर, दोन दिवस, आणि आमच्या डब्यात मूठभर तांदूळ. खाली गावात जाणारी दुधाची गाडी चारला सुटायची, ती परत यायची तिसऱ्या दिवशी. तिथून पुढं चालायला माझी रजा पुरत नव्हती. गाडीत बसलो की वाट संपली.

"वन्सं, उपाशी पोटी तुमचा गुडघा..." मी डोळे पुसले. "माझ्यामुळे झालं सगळं."

त्या बाकावर बसून गुडघा चोळत राहिल्या. बाहेर दुधाचे कॅन गाडीत चढत होते. त्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली आणि मला वाटलं, झालं, उठतायत.

तेवढ्यात उंटानं आपला रेनकोट जमिनीवर अंथरला आणि पिशवी त्यावर उलटी केली. बटाटे गडगडत बाकाखाली गेले. "चला रे, काढा ज्याच्या त्याच्या पोतडीतलं! पातेलं आजपासून एक."

कबुतरांनी शेवया काढल्या, बिस्किटं काढली. मावशींनी सहा उकडलेली अंडी आणून ठेवली, वर म्हणाल्या, "नको म्हणाल तर बघा!"

"आणि चीज?" कबुतरीण नवऱ्याला म्हणाली.

"कुठलं चीज?"

"निळ्या मोज्यातलं. काल म्हणालास संपलं!"

उंट म्हणाला, "लग्नाला तीन महिने नाही झाले आणि चीज लपवतोस?"

नवरा कानापर्यंत लाल झाला. "हिलाच द्यायचं होतं. समुद्रावर." त्यानं मोजा रेनकोटवर ठेवला. बायकोनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि मग तिथंच हात ठेवून दिला.

वन्सं उठल्या. बाही वर सारली, चष्मा लावला. वॉर्डात शिरतानाचा तो चेहरा मी ओळखते. "पाच माणसं, दोन दिवस," त्या म्हणाल्या. "कबुतरा, हात मागे घे. बिस्किटं चढ सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही. उंटाला अर्धं अंडं जास्त, त्याला लांबपर्यंत पोचवायचं असतं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "येताय का कुणी?" ड्रायव्हर ओरडला.

"जा रे बाबा," वन्सं पुड्या बांधता बांधता म्हणाल्या, "आम्ही कामात आहोत!"

ते दोन दिवस मी जन्मात विसरायची नाही. इतकी भूक आणि इतकं हसू एका पोटात कसं मावलं कोण जाणे! अर्ध्या बटाट्याला अशी चव असते हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मसूर नव्हते तर शेवयांच्या पाण्यात भात शिजवला, त्यात चीज विरघळवलं. पातेलं कुणी पुसायचं यावरून कबुतरं भांडली आणि तोवर उंटानं ते चाटूनपुसून लख्ख केलं. दुसऱ्या दिवशी खिंडीच्या चढावर वन्संचा गुडघा नारळाएवढा झाला. उंट म्हणाला, "पिशवी द्या." त्या म्हणाल्या, "पिशवी राहू दे, गप्पा मार." मग तो घड्याळांच्या गोष्टी सांगत राहिला, एका आजोबांचं घड्याळ तो दरवर्षी दुरुस्त करतो, ते बिघडलेलं नसलं तरी. वन्सं हसत हसत एकेक पाऊल वर टाकत राहिल्या.

एकशे अकरावर फळीवर आमचं पार्सल होतं. माझ्या अक्षरात, बिनचूक. वन्संनी दोरी सोडली आणि सगळंच पातेल्यात ओतायला घेतलं.

"वन्सं, अजून एकोणीस किलोमीटर आहेत!"

"मग? भरल्या पोटी चालू. यांनी आपल्याला मोजून दिलं होतं का?"

दाणे मात्र मी खिशात भरले.

शेवटच्या दिवशी समुद्राकडे उतरणारा उतार आला आणि गुडघा अडून बसला. चढ चालत होता, उतार मुळीच चालेना. वन्संनी दोन पावलं टाकली, दात आवळले, थांबल्या. खाली पाणी चकाकत होतं. कबुतरं केव्हाच पुढे धावली होती. मी उंटाकडे बघितलं. उंट काहीतरी बोलायला गेला.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "आम्ही पेशंटला जिना कसा उतरवतो? उलटा." त्या वळल्या, समुद्राकडे पाठ केली, माझे दोन्ही हात धरले. उंट त्यांच्या मागे उभा राहिला, पडल्याच तर धरायला. "वहिनी, तू बघ आणि सांग मला."

मी सांगत गेले. आता वाळू लागेल. आता एक दगड, डावीकडे. उजवीकडे एक होडी उलटी घातलीये. कबुतरीण कपड्यांसकट पाण्यात बसलीये, तो तिला ओढतोय. आता लाट आली, गेली, आणखी एक येतेय, मोठी आहे वन्सं, मोठी आहे!

पाणी त्यांच्या टाचांना लागलं. त्यांनी डोळे मिटले, माझे हात आणखी घट्ट दाबले आणि वळून न बघताच ओरडल्या, "किती गं गार आहे हा समुद्र!"