पंज्याखाली अडकलेली यादी

त्या सकाळी स्फाक्स शहरातल्या आमच्या कचेरीत अठरा माणसं एका लॅपटॉपकडे डोळे लावून उभी होती. डायलिसिस केंद्रासाठी आम्हीच बनवलेल्या संकेतस्थळावर ईदच्या आठवड्यातली पाळी निवडायची यादी दोन दिवस उघडत नव्हती. नोंदणी बारा वाजता बंद होणार होती. मब्रूकाबाई फोन घेऊन दारातच बसल्या होत्या, कारण पाळी हुकली तर त्यांच्या नवऱ्याचं रक्त आठवडाभर शुद्ध होणार नव्हतं.

आणि आमचे मालक सी मोनसेफ (आमच्याकडे 'सी' म्हणजे साहेब) यांनी बोलावलं कोणाला, तर शाकेरला. हा स्वतःला यंत्रांचा हकीम म्हणवतो.

"नजर लागलीय," शाकेर धूप पेटवत म्हणाला. "जावास्क्रिप्ट फार हळवी असते. परक्याचा मत्सर तिला सोसत नाही."

त्याने कीबोर्डवर आपला लोकरी झगा पसरला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला. यादी उघडली. पाच-पाच वर्षं अभियांत्रिकी शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी हात जोडायचेच काय ते बाकी होते. मला माझ्या पदवीची लाज वाटली.

"माझ्या फोनवर नाही उघडत, बाबा," मब्रूकाबाई म्हणाल्या.

"मग मत्सर तुमच्या घरात आहे, बाई. आधी घर साफ करा."

बाईंचे डोळे भरले. साडेअकरा वाजून गेले होते.

आमची पानं तपासणारी रौधा पुढे झाली. "सी शाकेर, दोन्ही हात वर ठेवा. मी माउसने क्लिक करते, तुम्ही नुसतं पुटपुटा."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, मुली."

"तुमच्या बोटांची घेतेय," म्हणत तिने झगा ओढला. त्याचं एक बोट टॅबवर होतं, दुसरं एंटरवर. कीबोर्डने यादी आधीपासूनच उघडत होती. अडत होता तो फक्त क्लिक. फोनवाल्यांना दुसरा मार्गच नव्हता.

मग रौधाने पानाच्या आतली मांडणी उघडली. यादीवर एक चित्र पसरलं होतं: नजर लागू नये म्हणून शाकेरनेच दोन दिवसांपूर्वी कोपऱ्यात लावायला सांगितलेला हाताचा पंजा. पंजा अंगठ्याएवढा, पण त्याभोवतीचं पारदर्शक चित्र पानभर रुंद. प्रत्येक क्लिक त्या न दिसणाऱ्या काचेवर आपटत होता. आम्ही यादीची ओळ न् ओळ तपासली होती, पंज्याला हात लावायची मात्र कोणाची छाती झाली नव्हती.

"काढू नकोस गं, नजर लागेल," सी मोनसेफ चाचरत म्हणाले.

"अजून काय लागायचं राहिलंय?" म्हणत रौधाने चित्र पुसून टाकलं.

मब्रूकाबाईंनी बोट टेकवलं. यादी उघडली, पाळी मिळाली. त्यांनी फोन पिशवीत ठेवला आणि शाकेरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं घर मी रोज झाडते," त्या म्हणाल्या.

शाकेर झगा शोधू लागला.

तेव्हा मंडळी, काही अडलं तर धूप नको, तपास करा. आणि ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते, सुरुवात तिच्यापासूनच करा. तुमच्या भीतीची शिक्षा शाकेर भोगत नाही, मब्रूकाबाईंचा नवरा भोगतो.