कुंपणाची उंची

दरीतल्या बंगल्यांना जाग यायची ती उन्हाळ्यात. मालक मंडळी खालच्या शहरातून येत, हवा गार झाली की परत जात. बाकीचं वर्ष तिथे माळीच असत. सगळ्यात वरच्या बंगल्यामागच्या खोलीत माळीबुवा आणि त्यांची बायको राहत. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर कुंपण.

हे कुंपण म्हणजे दाट झुडपांची हिरवी भिंत. पूर्वी ते कमरेइतकंच होतं. पण व्हरांड्यातल्या पाहुण्यांना यांचं वाळत घातलेलं धुणं दिसायचं. बायकोला लाज वाटे, म्हणून बुवांनी कुंपण वाढू दिलं. वरून मात्र कापत ते असं, की ओळ कुठे हलायची नाही.

पुढे जुने बंगले जपणारी समिती आली. इतकं देखणं कुंपण पहिल्यापासूनचंच असणार, असं धरून तिने त्याची उंचीही कायम करून टाकली. कौतुक ऐकून बुवा गप्प बसले. आता ते कमी केलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर खोली.

यंदा ओलीने बायकोचे सांधे धरले. डॉक्टरांनी सांगितलं, खोलीत ऊन हवं. कुंपण आपणच वाढवलंय, हे बुवांनी समितीच्या बाईंना सांगून पाहिलं. बाई हसल्या. माळ्याने श्रेय घ्यावं, पण इतकं नको, म्हणाल्या.

"कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं," बायको म्हणाली. "तुमच्यानं ऊन खाल्लं."

"अगं, तुझ्यासाठीच वाढवलं ना?"

"मग माझ्यासाठीच कापा. नाहीतर थंडीआधी मी ताईकडे जाते. तुम्ही बसा त्याचे लाड करत."

सकाळी बुवांनी शिडी लावली. कुंपण हातभर तरी खाली आणायचं, असं ठरवूनच ते चढले. एक जाड फांदी कापली, तसं कुंपणात खिंडार पडलं आणि उन्हाचा तुकडा खिडकीत उतरला. बायकोने सुजलेली बोटं त्यात धरली.

बुवांनी पुढची फांदी पकडली. वरून त्यांना आपली खोली दिसत होती, दोरीवरचं धुणं दिसत होतं. ही खोली गेली तर हिला ठेवायची कुठे? कात्री तशीच उघडी राहिली. मग त्यांनी खिशातली सुतळी काढली, आजूबाजूच्या लांब फांद्या ओढून घेतल्या आणि खिंडार बांधून टाकलं.

खिडकीतलं ऊन गेलं. बायकोने हात पदरात घेतला.

"शिडी काढलीच आहे," ती म्हणाली, "तर कपाटावरची माझी बॅग खाली काढून द्या. माझा हात पोचत नाही."

बुवा शिडी उचलून आत गेले.